सर्व्हरच्या बिघाडाचे निदान : संदेश, साक्ष आणि उपाय

भाषाविषयक संशोधनाचे साहित्य एके काळी कागदी पत्रिकांच्या पेट्यांत आणि ध्वनिफितींच्या कपाटांत असे. गेल्या काही दशकांत ते बव्हंशी सर्व्हरवर आले आहे. बोलींची ध्वनिमुद्रणे, शब्दकोशाच्या नोंदी, हस्तलिखितांची छायाचित्रे आणि त्यांवरील टिपणे एकाच यंत्रावर साठविलेली असतात, आणि ते यंत्र सामान्यतः लिनक्स या प्रणालीवर चालते. त्याची देखभाल करणारा मनुष्य मात्र पुष्कळदा संगणकशास्त्राचा नसतो. विभागातील एखादा अधिव्याख्याता किंवा संशोधन साहाय्यक आपले मुख्य काम सांभाळून हे काम पाहतो. यंत्र नीट चालते तोवर या व्यवस्थेतील उणीव जाणवत नाही. एखाद्या सकाळी ध्वनिमुद्रण जतन होईनासे झाले, किंवा कोशाचे पान उघडेनासे झाले, म्हणजे ती एकदम जाणवते.

अशा वेळी देखभाल करणारा सर्वप्रथम यंत्राने दिलेला संदेश वाचतो आणि त्याचा शब्दशः अर्थ घेऊन उपायाला लागतो. बहुतेक हानी येथेच होते. संदेश खोटा नसतो. परंतु काम कोठे अडले एवढेच तो सांगतो, ते का अडले हे सांगत नाही. या दोन गोष्टींतील अंतर ओळखणे म्हणजेच निदान होय. नित्य आढळणारे काही बिघाड घेऊन हे अंतर कसे ओळखावे ते दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे. यंत्राचे संदेश मूळ इंग्रजीत असतात. येथे त्यांचा आशय मराठीत दिला आहे.

१. संदेश कोठून येतो

लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याची घडण बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्स या प्रणालीच्या धर्तीवर आहे, आणि दोष कळविण्याची रीतही तिकडूनच आली आहे. कोणताही प्रोग्राम स्वतः डिस्कवर लिहीत नाही. तो कर्नेलला तशी विनंती करतो, आणि विनंती मान्य करता आली नाही तर कर्नेल त्याला एक क्रमांक परत देतो. क्रमांक २ म्हणजे अशी फाइल नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २८ म्हणजे उपकरणावर जागा शिल्लक नाही.

हा क्रमांक वापरणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा क्वचितच पोहोचतो. डेटाबेसला २८ हा क्रमांक मिळाला की तो आपल्या नोंदवहीत “फाइल वाढविता आली नाही” असे लिहितो. त्या डेटाबेसवर अवलंबून असलेला संकेतस्थळाचा प्रोग्राम “नोंद जतन झाली नाही” असे म्हणतो. अखेर वाचकाच्या पडद्यावर “५०० : अंतर्गत दोष” एवढेच उमटते. प्रत्येक पायरीवर आशय अधिक सामान्य होत जातो आणि मूळ तपशील गळत जातो. हस्तलिखितांच्या नकला होताना जे घडते त्याच्याशी याचे साम्य आहे, आणि उपायही तोच आहे : शेवटच्या नकलेवर न थांबता उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या साक्षीकडे जाणे.

ती साक्ष नोंदवह्यांत असते. ‘सिस्टेमसीटीएल’ या आज्ञेने एखादी सेवा चालू आहे की बंद पडली, आणि बंद पडली असल्यास केव्हा, हे कळते. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने त्या सेवेच्या नोंदी कालक्रमाने वाचता येतात. ‘डीमेसेज’ने खुद्द कर्नेलच्या नोंदी दिसतात. त्या वाचताना सर्वांत शेवटची ओळ महत्त्वाची नसून पहिली विसंगत ओळ महत्त्वाची असते, कारण नंतरच्या पुष्कळ तक्रारी पहिल्या तक्रारीचेच परिणाम असतात. यासोबत दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडून ठेवावीत : बिघाड नेमका केव्हापासून आहे, आणि त्याच्या थोडे आधी काय बदलले.

२. ‘जागा नाही’ याचे चार अर्थ

२८ या क्रमांकाच्या तक्रारीचा सरळ अर्थ डिस्क भरली असा होतो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. ‘डीएफ’ या आज्ञेने डिस्कचा प्रत्येक भाग किती भरला ते दिसते, व ‘डीयू’ने कोणत्या डिरेक्टरीने किती जागा व्यापली ते कळते. वाढत गेलेल्या नोंदवह्या, जुने बॅकअप आणि विसरलेल्या तात्पुरत्या फाइली ही त्याची नेहमीची कारणे आहेत. परंतु पुढील तीन प्रसंगी हा सरळ अर्थ फसवा ठरतो.

पहिला प्रसंग असा की, ‘डीएफ’ निम्म्याहून अधिक जागा मोकळी असल्याचे दाखविते आणि तरीही एकही नवी फाइल निर्माण होत नाही. याचे कारण फाइलीला दोन गोष्टी लागतात : मजकुरासाठी जागा, आणि तिची माहिती ठेवणारी एक नोंद. या नोंदीस आयनोड म्हणतात. लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘ईएक्सटी ४’ या फाइलव्यवस्थेत आयनोडांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते, आणि वेगळे काही सांगितले नाही तर सामान्यतः दर १६ किलोबाइटांमागे एक आयनोड असे तिचे प्रमाण असते. या हिशेबाने १०० गिगाबाइटच्या डिस्कवर ६५,५३,६०० आयनोड होतात. आता एखाद्या कोशविभागाने प्रत्येक शब्दपत्रिकेची स्वतंत्र फाइल केली, आणि प्रत्येक फाइल ४ किलोबाइटांच्या आत राहिली, तर सारे आयनोड संपतील तेव्हा मजकुराने केवळ २५ गिगाबाइट, म्हणजे डिस्कचा सुमारे चौथा हिस्सा, व्यापलेला असेल. उरलेली जागा मोकळी दिसेल. पण तिचा उपयोग होणार नाही. ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय जोडला म्हणजे आयनोडांचा हिशेब दिसतो. अशा वेळी मोठ्या फाइली काढून टाकून लाभ नाही. लहान फाइली एकत्र बांधणे किंवा त्यांतील मजकूर डेटाबेसात नेणे हाच खरा उपाय होय. अनेक वर्षांची ध्वनिमुद्रणे ‘जागा करण्यासाठी’ काढून टाकणारा मनुष्य या प्रसंगी मोठी हानी करतो आणि त्याला त्यातून दर फाइलमागे एका आयनोडाहून अधिक काही मिळत नाही.

दुसरा प्रसंग याच्या उलट असतो. ‘डीएफ’च्या हिशेबाने डिस्क पूर्ण भरलेली असते, पण ‘डीयू’ने सर्व डिरेक्टऱ्यांची बेरीज केली तर ती पुष्कळच कमी भरते. येथे लिनक्समधील फाइल पुसण्याचा अर्थ समजून घ्यावयास हवा. ‘आरएम’ या आज्ञेने फाइलचे नाव डिरेक्टरीतून जाते. तिची जागा मात्र, शेवटचे नाव गेलेले असेल आणि कोणत्याही प्रोग्रामने ती उघडी ठेवलेली नसेल, तेव्हाच मोकळी होते. एखाद्या सेवेची अवाढव्य नोंदवही पुसली, परंतु ती सेवा अजून तिच्यात लिहीतच असली, तर फाइल निनावी होऊन वाढत राहते. ‘डीयू’ नावांच्या आधारे मोजते म्हणून तिला ती दिसत नाही. ‘डीएफ’ प्रत्यक्ष जागा मोजते म्हणून तिला दिसते. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने पुसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली आणि त्या धरून ठेवणारे प्रोग्राम यांची यादी मिळते. संबंधित सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते.

तिसरा प्रसंग अर्धवट बिघाडाचा आहे. ‘ईएक्सटी ४’मध्ये साधारणतः पाच टक्के जागा मुख्य व्यवस्थापकाच्या, म्हणजे ‘रूट’च्या, उपयोगासाठी राखून ठेवलेली असते. उरलेली जागा संपली की इतरांचे लिहिणे थांबते, परंतु ‘रूट’चे चालू राहते. परिणामी व्यवस्थापक स्वतः एक फाइल लिहून पाहतो, ती लिहिली जाते, आणि तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला तो “येथे तर सर्व ठीक आहे” असे सांगतो. दोघेही खरे बोलत असतात. यावरून एक सामान्य नियम हाती येतो : तक्रार ज्याची असेल त्याच्याच नावाने ती पडताळून पाहावी.

३. मेमरी आणि भार

मेमरीच्या बाबतीत पहिली चूक आकडे वाचण्यातच होते. ‘फ्री’ या आज्ञेच्या कोष्टकात ‘मोकळी’ या सदराखाली अगदी थोडी मेमरी दिसते, आणि नवखा मनुष्य घाबरतो. वस्तुतः लिनक्स रिकामी मेमरी पडून राहू देत नाही. वाचलेल्या फाइलींच्या प्रती ती तेथे ठेवते व गरज पडताच ती जागा परत देते. म्हणून ‘उपलब्ध’ हे सदर पाहावे. ते पुरेसे असेल तर मेमरीची टंचाई नाही.

खरी टंचाई आली, मागणी पुरविण्याचा कोणताच मार्ग उरला नाही, म्हणजे कर्नेल एखादा प्रोग्राम बळजबरीने बंद पाडतो. कोणता प्रोग्राम बंद पाडावयाचा हे तो मुख्यत्वे कोणी किती मेमरी व्यापली आहे यावरून ठरवितो. येथे बळी जाणारा आणि अपराधी हे एकच असतील असे नाही. समजा, रात्री कोणी उच्चारविश्लेषणाचे एकामागून एक वीस प्रोग्राम सुरू केले. त्यांतील प्रत्येक लहान आहे; डेटाबेस मात्र एकटाच मोठा आहे. अशा वेळी डेटाबेस बंद पडतो आणि सकाळी कोश उघडत नाही. वरवरच्या वाचनाने दोष डेटाबेसचा ठरतो, व त्याची नव्याने उभारणी सुरू होते. कर्नेलच्या नोंदवहीत मात्र कोणाला, केव्हा आणि का बंद पाडले हे स्पष्ट लिहिलेले असते. प्रोग्राम १३७ हा क्रमांक देऊन संपला असेल तर तोही एक सुगावा आहे : १२८ मध्ये ९ मिळविले की १३७ होतात, आणि ९ हा बळजबरीने बंद करण्याच्या संकेताचा क्रमांक आहे.

‘भार’ या आकड्याचीही अशीच गत आहे. ‘अपटाइम’ ही आज्ञा मागील १, ५ व १५ मिनिटांचे तीन आकडे देते. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर भार ४ असणे म्हणजे तो पुरता कामात आहे, असा साधारण अर्थ लावतात. परंतु लिनक्सच्या हिशेबात प्रोसेसरसाठी रांगेत असलेल्या प्रक्रियांप्रमाणेच डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळलेल्या प्रक्रियाही धरल्या जातात. म्हणून भार ४० असूनही प्रोसेसर जवळजवळ रिकामा असणे शक्य आहे. अशा वेळी अधिक वेगवान प्रोसेसर घेऊन काही साधत नाही. डिस्क निकामी होत चालली आहे काय, किंवा दुसऱ्या यंत्रावरून जोडलेली फाइलव्यवस्था तुटली आहे काय, हे पाहावे लागते. ‘टॉप’च्या यादीत ज्या प्रक्रियेपुढे ‘डी’ हे अक्षर असते ती प्रक्रिया अशी ताटकळलेली असते, आणि तिला बळजबरीने बंद करण्याची आज्ञाही बहुधा लागू पडत नाही.

४. नकार आणि मौन

सर्व्हरशी संपर्क होत नाही ही तक्रार एकच वाटली, तरी तिचे दोन प्रकार नीट वेगळे केले पाहिजेत. “जोडणी नाकारली” असे उत्तर तत्काळ आले, तर यंत्र जिवंत आहे आणि रस्ता मोकळा आहे असे समजावे. फक्त त्या पोर्टवर ऐकणारी सेवा तेथे नाही, अथवा मधली भिंत तसे स्पष्ट सांगत आहे. याउलट पुष्कळ वेळ वाट पाहून “मुदत संपली” असे उत्तर आले, तर कोणीच काही बोललेले नाही : एक तर यंत्र बंद आहे, रस्ता तुटला आहे, किंवा फायरवॉल विनंत्या मुकाट्याने टाकून देत आहे. नकार हे उत्तर आहे. मौन हे उत्तर नव्हे. पहिल्या प्रकारात सेवेची तपासणी करावी, दुसऱ्यात मार्गाची. ‘पिंग’ला उत्तर मिळाले नाही एवढ्यावरून यंत्र बंद आहे असे मात्र ठरवू नये, कारण ‘पिंग’चे संदेश अनेक संस्था हेतुतः अडवितात.

सेवा सर्व्हरवरून उघडते आणि बाहेरून नाकारली जाते, असेही घडते. ‘एसएस’ या आज्ञेने कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकत आहे ते दिसते. तेथे १२७.०.०.१ हा पत्ता असेल तर ती सेवा केवळ त्याच यंत्रावरील विनंत्या ऐकते. अंकी पत्त्याने सर्व्हर सापडतो पण नावाने सापडत नाही, असे असेल तर दोष नावाचे अंकांत रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेत असतो. तेथे सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचे काही कारण नाही.

संपर्क होतो, पण ब्राउझर “हे स्थळ सुरक्षित नाही” असे म्हणतो, तेव्हा बहुधा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. २०१५ पासून विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेने आरंभापासून ९० दिवसांची मुदत ठेवली, आणि त्यामुळे नूतनीकरण आपोआप व्हावे अशी योजना सर्वत्र रूढ झाली. येथील एक खाचखळगा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नवे प्रमाणपत्र डिस्कवर आलेले असते, त्यावरील तारीखही योग्य असते, परंतु चालू असलेली सेवा जुनेच प्रमाणपत्र मेमरीत धरून बसते. सेवेला ते नव्याने वाचावयास सांगितले की दोष जातो. यंत्राचे घड्याळ चुकले असल्यासही वैध प्रमाणपत्र अवैध ठरते. म्हणून अशा तक्रारीत ‘डेट’ ही साधी आज्ञा सर्वप्रथम देऊन पाहावी.

५. परवानगी

१३ या क्रमांकाचा संदेश आला की संबंधित फाइलची परवानगी पाहण्याकडे प्रवृत्ती होते. परंतु फाइलपर्यंत पोहोचण्यासाठी मार्गावरील प्रत्येक डिरेक्टरीत प्रवेशाची परवानगी लागते. घराचे कुलूप उघडे असूनही वाड्याचा दिंडीदरवाजा बंद असावा, तशी ही स्थिती होते. ‘नेमआय’ ही आज्ञा संपूर्ण मार्गावरील परवानग्या ओळीने दाखविते, आणि कोणत्या दारात अडले ते लगेच उमगते. सर्व परवानग्या ठीक असूनही नकार मिळत असेल, तर ‘एसईलिनक्स’सारखी दुसरी संरक्षणव्यवस्था कार्यरत आहे काय ते पाहावे. तिचे नियम या परवानग्यांहून स्वतंत्र असतात आणि तिचे नकार तिच्या वेगळ्या नोंदवहीत उतरतात.

या जागी सर्वांत प्रचलित असा घातक उपाय म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देणारा ७७७ हा अंक. त्याने तक्रार पुष्कळदा थांबते. परंतु ज्या ध्वनिमुद्रणांतील निवेदकांना गोपनीयतेचे वचन दिलेले असते, ती त्या यंत्रावरील कोणालाही वाचता येतात आणि पुसताही येतात. मूळ दोष कोणता होता हे मात्र अज्ञातच राहते.

६. दिसणारे नाव आणि असणारे नाव

भाषाविषयक विभागांच्या सर्व्हरवर एक दोष विशेषेकरून आढळतो. डिरेक्टरीच्या यादीत फाइल दिसते; तिचे नाव टंकलिखित करून ती मागविली तर “अशी फाइल नाही” असे उत्तर येते. येथे डिस्क, परवानगी व मेमरी यांपैकी कशाचाही दोष नसतो. दोष लेखनात असतो.

लिनक्सचे कर्नेल फाइलच्या नावाकडे सामान्यतः अक्षरे म्हणून पाहत नाही. ते त्याला केवळ बाइटांची मालिका समजते. युनिकोडच्या प्रचलित ‘यूटीएफ ८’ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘दऱ्या’ हा शब्द घ्यावा. त्यातील ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह आहे. तसे लिहिल्यास या शब्दात पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. तोच ‘ऱ’ साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असाही लिहिता येतो. मग सहा चिन्हे व १८ बाइट होतात. तिसऱ्या रीतीत ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी हीच आकृती साधतात. तेथेही १८ बाइट होतात, परंतु ते दुसऱ्या रीतीहून भिन्न असतात. तिन्ही शब्द डोळ्याला एकच दिसतात. कर्नेलच्या दृष्टीने ती तीन निराळी नावे आहेत. जोडचिन्ह गळाले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरांतून एकदम समुद्रात जाणे होते.

असे भेद निरनिराळे कळफलक वापरल्याने निर्माण होतात, तसेच फाइली एका व्यवस्थेतून दुसरीत नेतानाही होतात. ॲपलच्या संगणकांवरील ‘एचएफएस प्लस’ ही जुनी फाइलव्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे. त्यामुळे त्या संगणकांवरून आलेल्या संग्रहांत दुसऱ्या रीतीची नावे सापडणे स्वाभाविक आहे. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांचा मेळ घालते; तिसऱ्या रूपाला ते स्पर्श करीत नाही, कारण ते रूप पहिल्या दोहोंशी समतुल्य मानलेले नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. ‘कन्व्हएमव्ही’ हे साधन प्रमाणीकरण करते, आणि स्पष्ट संमती मिळेपर्यंत काय बदलेल एवढेच दाखविते. ती यादी पूर्ण वाचल्याशिवाय संमती देऊ नये. दोन भिन्न फाइलींची नावे प्रमाणीकरणानंतर एकच होत नाहीत ना, हे आधी पाहणे आवश्यक आहे.

याच कुळातील आणखी दोन तक्रारी आहेत. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. म्हणजे देवनागरीत फार तर ८५ चिन्हे. ‘क्ष्या’ हे एकच अक्षर सहा चिन्हांचे, म्हणजे १८ बाइटांचे असते. गाव, निवेदक, विषय आणि दिनांक ही सर्व माहिती नावात कोंबली की ही मर्यादा लवकर ओलांडली जाते. दुसरी तक्रार नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसण्याची. हे बहुधा भाषेची मांडणी ‘सी’ या मूळ रूपात असल्यामुळे घडते. नाव शाबूत असते. केवळ ते दाखविता येत नाही. ती प्रश्नचिन्हे खरी मानून जो नावे बदलू लागतो, तो शाबूत नावे मात्र गमावून बसतो.

७. उपायापूर्वी

वरील सर्व प्रसंगांत एक सूत्र समान आहे. चुकीच्या वाचनातून निघालेला उपाय निरुपयोगी असतो, एवढ्यावर ते थांबत नाही; तो मूळ साक्ष नष्ट करतो, आणि कधी कधी संशोधनसाहित्यही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे हा उपाय निरुपद्रवी समजला जातो. परंतु ज्या यंत्रणांवर नोंदवही केवळ मेमरीत ठेवली जाते, तेथे त्या एका कृतीने कालपर्यंतच्या नोंदी पुसल्या जातात. बिघाड तात्पुरता थांबतो, आणि तो पुन्हा उद्भवला म्हणजे त्याचे कारण शोधावयास काहीच उरत नाही. म्हणून प्रथम नोंदी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मग एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहावा, आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे.

या शिस्तीचे मोल एका प्रसिद्ध घटनेवरून कळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेतील एक अभियंता डेटाबेसच्या दुय्यम प्रतीतील बिघाड दुरुस्त करीत होता. दुय्यम यंत्रावरील डिरेक्टरी रिकामी करण्याची आज्ञा त्याने दिली, परंतु ती दिली गेली मुख्य यंत्रावर. चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबविली जाईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार शिल्लक होते. त्यानंतर बॅकअप शोधले असता नित्याचे बॅकअप होतच नव्हते असे दिसून आले. बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि ते अयशस्वी झाल्याची पत्रे कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कारणासाठी घेतलेली एक प्रत हाती होती म्हणून पुष्कळसे वाचले. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. संस्थेने हा सारा वृत्तान्त स्वतःच प्रसिद्ध केला, आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासकांना तो आजही उपयोगी पडतो.

या घटनेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. विनाशक आज्ञा देण्यापूर्वी ‘होस्टनेम’ ही आज्ञा देऊन आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे पाहावे. आणि बॅकअप घेतल्याचा संदेश म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत्येक सत्रात एकदा तरी बॅकअपमधून काही फाइली वेगळ्या यंत्रावर परत आणून त्या उघडून पाहाव्यात. ध्वनिमुद्रण असेल तर ते ऐकून पाहावे.

व्यापारी संस्थेच्या सहा तासांच्या नोंदी पुष्कळदा पुन्हा जमविता येतात. बोलीसंग्रहाचे तसे नसते. वीस वर्षांपूर्वी ज्या वृद्ध निवेदिकेचे बोलणे मुद्रित केले ती आज हयात नसेल, आणि तिच्या बोलीतील जी रूपे त्या मुद्रणात आहेत ती तिच्या नातवंडांच्या तोंडी नसतील. ते मुद्रण ज्या डिस्कवर आहे तिने “जागा नाही” अशी तक्रार केली, तर त्या तक्रारीचा अर्थ लावण्यासाठी आणखी अर्धा तास खर्च करणे हे देखभालीचे काम आहे तितकेच ते संशोधनाचेही काम आहे.